राईचं वावर

वर ओट्यावर लोड-तक्के मांडले होते. मधे दादासाहेब इजारदार. शेजारी त्यांचा मुलगा विनायकराव. समोर भाट, मांडीवर लाल फडक्यात बांधलेली वही. आणि पाच पायऱ्या उतरून खाली, अंगणाच्या मातीत मी. बसायला पोतं दिलं होतं. मांडीवर फळी, फळीवर कोरा कागद.

भाट नावं वाचत होता. मी लिहीत होतो.

विनायक वल्द माधव. माधव वल्द यशवंत. यशवंत वल्द त्र्यंबक. वल्द म्हणजे मुलगा. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, असं नऊ पिढ्या मागं. भाट एकेक नाव गिळलेला घास परत वर आणावा तसं आणायचा, आणि दादासाहेब मान हलवायचे. घराण्याचा इतिहास छापायचा होता त्यांना. भाटाची वही जुन्या अक्षरातली. गावात भाटाशिवाय तसं अक्षर वाचता येणारा आणि सुबक लिहिणारा मी एकटा. मी महार. मी मेहकरच्या तहसील कचेरीत नकला लिहायला शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो होतो. माझं अक्षर त्यांना चालत होतं. लिहून झालेला कागद मात्र गडी चिमटीत धरून आधी उन्हात ठेवायचा. कागदावर पाणी शिंपडता येत नाही, म्हणून ऊन.

नववं नाव संपलं. भाटानं वहीला हात जोडले. विनायकराव खाली पाहून हसले.

"का बे, तुह्या पनज्याचं नाव काय?"

मी टाक थांबवला. बाप माहीत होता. आजा माहीत होता, गोंदा. त्याच्या पलीकडं माझ्याकडं काही नव्हतं.

"मालूम नाही जी."

दादासाहेब म्हणाले, "अरे, त्याच्या पनज्याले नाव असतं त त्यालेच पहिले मालूम असतं."

ओट्यावर बसलेले सगळे हसले. भाटही हसला. विनायकराव पुढं वाकून म्हणाले, "लिही बे. जागल्या वल्द जागल्या वल्द जागल्या."

गावाची राखण करणाऱ्या महाराला आमच्याकडं जागल्या म्हणतात. माझा बाप जागल्या. आजा जागल्या.

आणि मी लिहिलं. हे सांगायला अजून जीभ अडते. कोणी सांगितलं की लिहायचं, अशी हाताला सवय लागली होती. कागदाच्या कोपऱ्यात मी सुबक अक्षरात लिहिलं, जागल्या वल्द जागल्या वल्द जागल्या. मग भान आलं. कोपरा फाडला, मुठीत धरला आणि तसाच घरी गेलो.

मला हेवा वाटला. मी खोटं सांगणार नाही. अपमानापेक्षा हेवा मोठा होता. त्यांच्या जमिनीचा नव्हता, घराचा नव्हता, दुधातुपाचा तर लहानपणापासून सहन झाला होता. हेवा नावांचा होता. डोणगावच्या शाळेत आम्ही एकाच वर्षी बसलो, विनायकराव वर्गात आणि मी पडवीत, दाराच्या चौकटीबाहेर. गणित मला आधी यायचं. पाठ मला आधी व्हायचा. मास्तर त्याला शाबासकी द्यायचे, कारण मला शाबासकी द्यायला पडवीपर्यंत यावं लागलं असतं. तरी तेव्हा मी मनात म्हणायचो, डोक्यानं मी वरचढ आहे. त्या दिवशी ओट्याखाली कळलं की तो माझ्यापुढं नऊ माणसं घेऊन उभा आहे आणि माझ्यामागं कोणी नाही. त्याला ती नावं पाठही नव्हती. पाठ करायची गरज नव्हती. वही होती, भाट होता. त्यांच्या त्र्यंबकरावाच्या घोडीचं नावसुद्धा मी त्या दिवशी कागदावर उतरवलं. चंद्री. त्यांची मेलेली घोडी मला नावानं माहीत होती आणि माझा पणजा मला माहीत नव्हता.

घरी बा सुतळी वळत बसला होता. मी विचारलं, "बा, आज्याच्या बापाचं नाव काय होतं?"

"काऊन?"

"असंच."

"मले नाही मालूम. जागल्या होता. जागल्याच म्हणत असतीन लोक."

तो वर पाहत नव्हता. मला वाटलं, त्याला लाज वाटते. मी आत निघून गेलो.

चार दिवसांनी विनायकराव कचेरीत आले. ओट्यावरचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. म्हणाले, "अक्षर झकास जमलं तुझं. आता एक काम कर. इजाऱ्याचे जुने कागद शोध."

आमचं गाव इजाऱ्याचं. सरकारनं ओसाड म्हणून ठरवलेलं गाव एका माणसाला लावून दिलं, त्यानं रान तोडायचं, वस्ती करायची, सारा भरायचा, असा तो प्रकार. आमच्या गावचा इजारा विनायकरावांच्या पणज्यानं, त्र्यंबकरावानं घेतला. वाघाच्या रानात त्यानं एकट्यानं गाव उभं केलं, ही गोष्ट गावात पोराबाळांना पाठ होती. तीच पुस्तकात यायची होती, सरकारी कागदाच्या आधारानं. आणखी एक कारण होतं, ते मला नंतर उमगलं. कुळांचा कायदा आला होता. इजाऱ्याच्या आधीपासून जो कसत होता त्याच्या वंशाला वावरावर हक्क लागतो, असं त्यात होतं. गावातली चार-दोन कुळं कुजबुजू लागली होती. आधी कोणी नव्हतंच, हे इजारदाराला कागदावर पक्कं करून हवं होतं. म्हणून रीतसर अर्ज केला होता, सगळे कागद शोधून नकला द्याव्यात, जे नसतील ते नाहीत असा शेरा द्यावा.

मी हो म्हणालो. काऊन म्हणालो? हेवा. मला त्यांचे कागद हातात धरायचे होते. त्या नऊ नावांत एखादं किडकं नाव निघेल, एखादी चोरी, एखादी लबाडी, एवढीच माझी आशा होती. स्वतःचं काही सापडेल असं डोक्यात आलंच नाही.

रेकॉर्डखोली हफीजमियांच्या ताब्यात होती. म्हातारा माणूस, दम्याचा. मोडी आणि फारसी दोन्ही डोळे मिटून वाचायचा. मोडी मला त्यानंच शिकवली, तीही शिव्या देत देत, कारण त्याची नजर अधू झाली होती आणि कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. खारव्याच्या लाल कापडातले बस्ते छतापर्यंत रचलेले. एक सोडला की धूळ नाकात, कसर हातावर.

"क्या ढूंढ रहा रे?" त्यानं विचारलं.

"इजारे का कागज."

"उनकाच ढूंढता, के अपना भी?"

"अपना यहां क्या रहेगा, मिया?"

तो खोकला. मग म्हणाला, "सरकार का दफ्तर है. जिसने जोता उसका रहता, जिसने मार खाया उसका भी रहता. पूरा बस्ता देख. ऊपर का कागज देख के बांध मत दे."

मी पूरा बस्ता पाहिला. वरती इजाऱ्याचा करार होता, मोठ्या शिक्क्याचा. त्यात गावाचं वर्णन एका शब्दात. ओसाड. त्याच्याखाली सारा, हद्दी, नाल्याचे नकाशे. आणि सगळ्यात तळाला, कराराच्याही आधीच्या पाहणीचा एक तुकडा, कडेनं कुरतडलेला. पाहणीला आलेल्या कारकुनानं नाल्याच्या काठी एक वावर लिहिलं होतं. एकच. विहीर कच्ची एक. आंबा एक. पीक ज्वारी. आणि कसणाऱ्याच्या रकान्यात, राही कोम सटवा, जात महार.

कोम म्हणजे बायको. सटवाची बायको राही.

ओसाड गावात एक बाई ज्वारी पिकवत होती.

मी तो तुकडा तीनदा वाचला. कागद तिसऱ्यांदाही तेच म्हणाला. नाल्याच्या काठचं वावर म्हणजे कोणतं, ते मला ठाऊक होतं. इजारदाराचा सगळ्यात कसदार मळा. गाव त्याला राईचं वावर म्हणतं. लोक सांगायचे, पूर्वी तिथं मोहरी पेरत.

तुकड्याच्या पाठीवर एक शेरा होता. सदर बाईची हरकत, मिसल बुलढाण्यास रवाना. मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सगळे कागद.

हफीजमियानं बुलढाण्याच्या रेकॉर्डकीपरला चिठ्ठी दिली. मी एक दिवसाची रजा काढली, चिखलीवरून मोटारीनं बुलढाण्याला गेलो. टपावर बसून, कारण आत बसलेल्यांपैकी एकानं मला गावावरून ओळखलं. जिल्हा कचेरीत चिठ्ठी दाखवली. दुपारपर्यंत व्हरांड्यात उभं ठेवलं. मग मिसल माझ्यासमोर आली. सुताच्या दोऱ्यानं बांधलेली, पंधरा-वीस पानांची. मी व्हरांड्यातच भिंतीला टेकून ती वाचली.

राहीनं अर्ज केला होता. गाव ओसाड नाही, माझं वावर आहे, ते इजाऱ्यात घालू नये. साहेबापुढं तिला उभं केलं. पहिल्या तारखेची जबानी चार ओळींची. नाव राही. जात महार. वय अंदाजे तीस. मुलगा एक, नाव गोंदा. नवऱ्याचे नाव सांगत नाही. सासऱ्याचे नाव सांगत नाही. सबब तारीख पुढे.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर स्वप्नातही नाही. माझी माय आजपर्यंत बाचं नाव घेत नाही. कारकुनानं विचारलं, वावर तुझ्या नवऱ्याचं कशावरून? त्याचं नाव सांग. बाई गप्प. पाहणीच्या वेळी कोणा दुसऱ्यानं ते सांगितलं असेल, कचेरीत सांगणारं कोणी नव्हतं.

दुसरी तारीख. नवऱ्याचे नाव सांगत नाही. पुढच्या वेळी न सांगितल्यास अर्ज काढून टाकण्यात येईल, अशी समज दिली.

तिसरी तारीख. तिथं अक्षर बदललं होतं, कारकून दुसरा असावा. त्यानं ती बोलली तसं लिहून घेतलं होतं.

"नवऱ्याचे नाव सटवा. सासऱ्याचे नाव भिवा. त्याचे बापाचे नाव चांगो. रान आम्ही तोडिले. नवरा मेल्यावर नांगर मी धरिला. मी तेथे राहाते, तर गाव ओसाड कसे?"

खाली अंगठा नव्हता. त्या काळी लिहिता न येणाऱ्याची निशाणी काढायचे. पुरुषाचा नांगर, बाईची बांगडी. मी तोपर्यंत शेकडो कागद पाहिले होते, बाईच्या नावाखाली बांगडीच असायची. राहीच्या नावाखाली नांगर होता. विधवेच्या हातात बांगडी नाही, म्हणून कारकुनानं काढला की तिनं काढायला लावला, ते कागदात लिहिलेलं नाही.

शेवटच्या पानावर त्र्यंबकरावाची जबानी. सदर बाईस आपण ओळखत नाही. मग हुकूम, दीड ओळीचा. ओसाड असल्याचा दाखला सरकारी आहे. अर्ज नामंजूर.

मी पूर्ण मिसलीची नक्कल उतरवली. अक्षर बिघडू दिलं नाही. सटवा. भिवा. चांगो. गोंदा माझा आजा, म्हणजे सटवा माझा पणजा. विनायकरावाला नऊ, मला पणजा आणि त्याच्या वर दोन आणखी मिळाले. मला आनंद व्हायला हवा होता. मला पुन्हा हेवाच वाटला. त्यांची नावं भाट गात होता, दक्षिणा घेत होता. माझी नावं एका बाईला कचेरीत उभं करून तिच्या तोंडातून ओढून काढली होती, आणि ती देऊनही तिला काही मिळालं नव्हतं.

घरी आलो. बा दारात काठी टेकून बसला होता.

"बा, राही कोन?"

त्याच्या हातातली चिलीम तशीच राहिली. "कुठं ऐकलं?"

"कागदावर हाये."

 माय चुलीपासून उठून दाराशी आली.

"माह्या बापाची माय," बा म्हणाला.

"मंग मी विचारलं तवा काऊन नाही सांगतलं?"

"तिचं नाव घ्याचं नाही, असं माह्या बापानं बजावलं होतं. ती कचेरीत जाऊन सासऱ्याचं नाव बोल्ली. सासऱ्याच्या बापाचंही बोल्ली. आन मंग वावर गेलं. इजारदाराच्या मानसायनं झोपडं मोडलं. दोन पावसाळे रानात काढले त्यायनं. आपलेच लोक म्हणे, बाई होऊन नावं उच्चारली, म्हून सत्यानाश झाला. माहा बाप मोठा झाला, तवा जागल्याची काठी मिळाली, गावात घेतलं. एका बोलीवर."

"कोन्त्या?"

"वावराचं नाव नाही काढाचं. तिचंही नाही."

"म्हंजे तुले सगळं मालूम होतं."

"हाव."

मला त्याचा राग आला. इतका कधी आला नव्हता. विनायकरावाचा बाप भाटाला बोलावून नावं वाचून घेतो, माझा बाप असलेली नावं गिळून बसतो. मी तसं बोललोही. बा ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "त्याचं पोट नावं सांगून भरते. आपलं न सांगून भरलं."

विनायकराव पुन्हा कचेरीत आले तेव्हा मी चूक केली. मिसलीची नक्कल त्यांना वाचून दाखवली. दाखवायचीच होती मला. त्यांचा चेहरा पाहायचा होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग खुर्ची जवळ ओढली. मी उभा होतो.

"हे जुनं भांडण आहे," ते म्हणाले. "कोणाच्या कामाचं नाही. तू कराराची नक्कल दे. या मिसलीबद्दल 'शोध केला, आढळली नाही' असा शेरा लिही. बास."

मी नक्कल घडी करू लागलो.

"हे पाहा, तू आपल्या शाळेतला आहेस. पुस्तकाच्या शेवटी तुझं नाव छापू. 'जुने कागद शोधण्याचे कामी साहाय्य' असं. नावानिशी. आणि माझ्या मामांची तहसीलदारांशी ओळख आहे, तुझी उमेदवारी पक्की करून घेऊ."

ते गेले. मी पाच दिवस त्यावर विचार केला. मी लगेच नाही म्हणालो असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुस्तकात माझं नाव. छापील. त्या नऊ नावांच्या मागे का होईना, त्याच पुस्तकात. माझ्या घरात आजवर कोणाचं नाव छापून आलं नव्हतं. मी मनातल्या मनात ते पान पाहायचो. अक्षर कसं असेल, शाई काळी की निळी. राहीपेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं, पाच दिवस. हेवा माणसाला कुठपर्यंत नेतो ते मी तेव्हा पाहिलं. तो मला थेट त्र्यंबकरावाच्या शेजारी नेऊन बसवत होता. सदर बाईस आपण ओळखत नाही.

सहाव्या दिवशी दादासाहेबांचं बोलावणं आलं. मला आणि बाला, दोघांना.

ओटा तोच, पोतं तेच. दादासाहेब, विनायकराव आणि गावातली चार माणसं बसलेली. बा पायरीपासून लांब, हात जोडून उभा. गड्यानं माझ्यापुढं अर्जाचा कागद टाकला, ओळखीनं कचेरीतून आणवलेला. शेऱ्याची जागा कोरी होती.

"लिही," दादासाहेब म्हणाले. आणि सांगू लागले, "सदर मिसलीचा शोध केला असता, ती आढळून आली नाही."

मी टाक बुडवला. सदर मिसलीचा शोध केला असता, इथपर्यंत लिहिलं. हात सरळ चालला होता, नेहमीसारखा. इथं तो थांबला. मी थांबवला. ओट्याखाली बसून मी याआधी एकदा सांगितलं ते लिहिलं होतं. त्या दिवसाची लाज माझ्या बोटांत होती.

मी पुढं लिहिलं, ती आढळून आली. बस्त्याचा क्रमांक लिहिला. पानं किती ते लिहिलं. अर्जदार बाईचं नाव लिहिलं. नक्कल सोबत जोडली आहे, असं लिहिलं. कागद फळीवर सरळ केला.

"वाच," विनायकराव म्हणाले.

मी वाचलं. शब्दन् शब्द, मोठ्यानं.

 विनायकरावाच्या गालावरचा रंग उडाला. दादासाहेबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. बाच्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आमच्या माणसांशी तो तसा फक्त धमकी देताना व्हायचा.

"जागल्या, तुले मी लहानपनापासून पाह्यतो. पोरगं बहकलं. तू सांग, चार मानसायपुढं. ही राही का कोन, ती तुमची कोन लागते?"

बानं मान खाली घातली. मी त्याच्याकडं पाहायचं टाळलं. मला खात्री होती तो काय म्हणणार. कोणी नाही जी. आयुष्यभर तेच म्हणत आला होता. माझी तक्रार नव्हती, पण पाहवत नव्हतं.

बानं काठी पायरीला टेकवून ठेवली. हात मोकळे केले.

"आजी," तो म्हणाला. "माह्या बापाची माय."

आणि सवयीनं पुढं "जी" म्हणाला.

काठी त्यानं परत उचलली नाही. ती गावाची होती. आम्ही दोघं निघालो. अंगण ओलांडून गोठ्याच्या बाजूनं बाहेरची वाट होती. तिथं कुडाच्या आडून विनायकरावांच्या आईनं मला थांबवलं. मी या बाईंना इतकी वर्षं ओझरतं पाहिलं होतं, बोलणं कधी नाही. त्यांनी पदर पुढं ओढला होता.

"त्या कागदावर बाईचं नाव हाये म्हनते. खरं?"

"हाव जी."

"कोनाची बायको म्हून, का तिचं सोताचं?"

"दोन्ही. पहिले तिचं."

त्या म्हणाल्या, "भाट आला तं आमच्या नऊ पिढ्यांत एकही बाई वाचत नाही. माहं नाव त्यानं कधी विचारलं नाही." मग आतून कोणीतरी हाक मारली आणि त्या वळून गेल्या.

मला त्यांची दया यायला हवी होती, असं लोक म्हणतील. दया नंतर आली. आधी गोड वाटलं. त्या घरातल्या एका माणसाला माझ्या घरातल्या एका माणसाचा हेवा वाटला होता. एवढी चव मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. माझी उमेदवारी आठवड्यात गेली. अक्षर चांगलं नाही, असं कारण कागदावर लिहिलं. पण अर्ज क्रमांकानिशी नोंदवलेला होता, तो कचेरीत परत द्यावाच लागला, म्हणून शेरा त्यावर राहिला, नोंदवहीत चढला. तो खोडायचा तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायला कोणी तयार झालं नाही. बाची काठी दुसऱ्याला दिली. इजारदाराचं पुस्तक निघालं. मी पाहिलं आहे. ओसाड रान, वाघ, त्र्यंबकराव, चंद्री घोडी. राही नाही. मी नाही. गावातली कुळं माझ्याशी चार दिवस बोलली आणि मग घाबरून बोलेनाशी झाली. आमच्या महारवाड्यातल्या काही म्हाताऱ्या अजून म्हणतात, त्या बाईचं नाव परत काढलं, म्हणून काठी गेली.

आता मी मेहकरला कचेरीबाहेर बसतो. अर्ज लिहून देतो. बाई आली तर तिचं नाव विचारतो. ती म्हणते, अमक्याची बायको. मी म्हणतो, ते नंतर. काही चिडून उठून जातात. काही हळूच सांगतात. हफीजमिया निवृत्त झाले, पण चिठ्ठ्या देतात. मी इतर गावांचे बस्ते पाहतो. ओसाड लिहिलेलं गाव दिसलं की तळाचा कागद आधी काढतो.

कायद्याचं पुस्तक मी विकत घेऊन वाचलं. एका वकिलालाही विचारलं. तो म्हणाला, "दावा मुदतीबाहेर गेलेला आहे. पहिल्याच तारखेला नामंजूर होईल. कशाला खटाटोप?" त्याचं बरोबर आहे. वावर मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण अर्ज तयार आहे. माझ्याच अक्षरात लिहिला आहे. अर्जदाराच्या रकान्यात माझं नाव, त्याखाली बाचं, गोंदाचं, सटवाचं, भिवाचं, चांगोचं. आणि हक्क कोणाकडून आला, त्या रकान्यात राही, स्वतःच्या नावानं.

बा म्हणाला, "त्यायनं फेकून देल्ला तं?"

दाखल झालेला अर्ज फेकता येत नाही. त्यावर हुकूम द्यावाच लागतो. नामंजूर लिहायचं असेल तर साहेबाला आधी आमची सगळी नावं लिहावी लागतील, आणि दादासाहेबाला कचेरीत येऊन शपथेवर सांगावं लागेल की तो राहीला ओळखत नाही. त्याला मी ते माझ्यासमोर, माझ्या तोंडाकडं बघून म्हणायला लावणार आहे. हेवा गेलेला नाही. मला तो जायला नको आहे. सोमवारी कचेरी उघडते. बासुद्धा येणार आहे. आम्ही अर्ज दाखल करणार.